चढावरचा मुकादम

रणजित लोंढेने बायकोच्या डाव्या मनगटावर पाना घातला तो भर दुपारी, अंगणात, शेजारपाजारची माणसं बघत असताना. कारण विचाराल तर आमटी खारट झाली होती. खरं कारण ट्रकचा गिअरबॉक्स होता. पण गिअरबॉक्सवर पाना चालवला तर कंपनी दुसऱ्या दिवशी घरी बसवते. बायकोवर चालवला तर फार तर शेजारी दार लावून घेतात, आणि त्यांनी ते लावून घेतलं.

दोन दिवसांनी सारिका त्याच मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून आघाडीच्या ट्रकवर चढली. मागे दोनशे चाळीस टनांचा ट्रान्सफॉर्मर होता, समोर सांबरकड्याचा घाट होता आणि डाव्या हाताला काही काम नव्हतं. काही वर्षांपूर्वी असं कुणी सांगितलं असतं तर ट्रकच्या तळावरच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

कारण तेव्हा या धंद्यात डावा हात म्हणजेच माणूस होता. अवजड माल ओढणाऱ्या ट्रकला पुलर म्हणतात. जुन्या पुलरला सोळा गिअर असायचे आणि चढावर ते बदलणं हे गुडघ्याएवढ्या पोराचं काम नव्हतं. क्लच दाबला की क्षणभर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. मोकळ्या ट्रकला त्याचं काहीच वाटत नाही. मागे दोनशे टन असतील तर मात्र तेवढा क्षण पुरतो. ट्रक अडतो, आणि अडलेला ट्रक मागे यायला लागतो. रणजित हा क्षण इतका बारीक करायचा की शेजारी बसलेल्याला गिअर बदलल्याचं कळायचं नाही. कराडपासून कोकणापर्यंत त्याचं नाव होतं. सारिकाशी लग्न जमलं तेही त्या नावावर.

मग स्वयंचलित गिअरबॉक्स आले. त्यांत तो क्लच नसतो. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक बंद डबा असतो आणि त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो, आणि त्याच्या जोरावर चाकं. ओढ तुटत नाही. पण चाकं अडली आणि इंजिन जोर करतच राहिलं तर तो सगळा जोर जातो तेलात, आणि तेल उकळायला लागतं.

शिवाय हे गिअरबॉक्स घाटात बावचळायचे. चढ जरा सैल झाला की वरच्या गिअरला जायचे, दम लागला की खाली यायचे, पुन्हा वर. दर बदलाला तेल तापायचं. एकाच ओझ्याला तीन ट्रक जोडले, दोन पुढे ओढायला आणि एक मागून ढकलायला, की मग तर विचारूच नका. एकाने जोर केला की दुसऱ्याला ओझं हलकं वाटायचं, तो वरचा गिअर टाकायचा, लगेच पहिल्यावर भार यायचा आणि तो खाली घसरायचा. एका जुवाला जुंपलेले दोन अडेल बैल जसे एकमेकांना ओढतात तसा हा प्रकार होता.

यावर उपाय म्हणून तिन्ही गिअरबॉक्सना मिळून एकच डोकं दिलं गेलं. कंपनीने त्याचं काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं. ड्रायव्हर त्याला मुकादम म्हणायचे. घाटातला प्रत्येक चढ मुकादमला पाठ असायचा. ट्रेलर ज्या दांड्याने पुलरला जोडलेला असतो त्या दांड्यावरचा ताण तो सतत मोजायचा. ट्रक थांबून पुन्हा निघाले की निघतानाच्या ओढीवरून ओझं नव्याने तोलायचा आणि तिघांनी कुठला गिअर टाकायचा ते ठरवायचा. ड्रायव्हरने फक्त स्टिअरिंग धरायचं.

स्टिअरिंग धरायला शिकायचं तर तीन महिने पुरतात. कंपनीने बायकांसाठी वर्ग काढला, आणि सारिका घरात न विचारता त्यात गेली. तळावर आग लागायला एवढं पुरेसं होतं. ही आग अक्षरशः लागली. जुन्या ड्रायव्हरांनी दोन नवे ट्रक डिझेल ओतून पेटवले आणि वर्गातून बाहेर पडणाऱ्या बायकांवर दगड टाकले. सारिकाच्या पुढे चालणाऱ्या मुलीचे समोरचे तीन दात गेले. दगड टाकणाऱ्यांत रणजित पुढे होता, हे सारिकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळी त्याच हातांना जेवायला वाढलं.

जाळपोळ शमली. पोट कुणाला चुकलं आहे? वर्षाच्या आत तेच ड्रायव्हर कामावर परत आले. कंपनीने त्यांना मागच्या ढकलणाऱ्या ट्रकवर, पुशरवर, बसवलं. आघाडीला सारिका, शेपटाला रणजित, आणि मधे ओझं. कंपनीतल्या कुणाला यात काही खटकलं नाही. ज्या हाताला गिअरचा दांडा उरला नव्हता, तो हात आता घरात चालायला लागला.

घाट सकाळपासून इतर वाहतुकीला बंद होता. सारिकाच्या मागे दुसऱ्या पुलरवर लतीफ मुलाणी होता, साठीला टेकलेला, सगळ्यांचा लतीफचाचा. त्याच्या मागे ट्रेलर, आणि सगळ्यात शेवटी रणजितचा पुशर. ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी खंडू डवरी आणि त्याची माणसं खांद्यावर बाभळीचे ठोकळे घेऊन चालत होती. घाटात ओझं थांबलं की पाणी पिण्याआधी चाकामागे ठोकळा लागलाच पाहिजे, हा या माणसांचा धर्म. ज्याने एकदा तो चुकवला त्याला पुन्हा कुणी कामावर घेत नाही.

त्या दिवशी पायथ्याशी कंपनीच्या निमकर साहेबांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं की मुकादम चालू असताना ठोकळे लावायचे नाहीत. ब्रेक पुरेसे आहेत. ठोकळा लागला की ओझं ठोकळ्यावर रेलतं, दांडा सैल पडतो, आणि मुकादमला वाटतं मागे फारसं काही नाहीच. खंडूने मान हलवली. साहेब बोलताना मान हलवायची असते.

काळ्या कपारीच्या वळणावर रस्त्यात दरडीचे दोन धोंडे आलेले होते. ते बाजूला सारेपर्यंत ताफा थांबला. वॉकीटॉकीवर रणजितचा आवाज आला.

"खंडू, ठोकळं लाव. काय मशिनीच्या भरवशावर हुभा राहतूस?"

खंडूला तेच हवं होतं. ठोकळे पटापट चाकांमागे गेले आणि ट्रेलर मुंगीच्या पावलाने मागे येऊन त्यांच्यावर टेकला.

सारिकाने ते ऐकलं होतं. आरशात ठोकळे दिसतही होते. काढा म्हणायला किती वेळ लागतो? पण नवऱ्याचा शब्द चारचौघांत खोडला की त्याची वसुली घरी होते, आणि मनगट अजून ठणकत होतं. तिने बटणापर्यंत नेलेलं बोट मागे घेतलं. एका माणसाने घरात मारलं म्हणून दुसरं माणूस घाटात गप्प बसलं, एवढीच ती गोष्ट होती. याची नोंद कुठल्याच मशीनला घेता येत नाही.

धोंडे हलले. मुकादमने ओझं तोललं. दांडा सैल होता, चढ तर पाठच होता, तेव्हा मागे साठ-सत्तर टन असावेत असा त्याने हिशोब केला आणि तिन्ही ट्रकना निघण्यासाठी तिसरा गिअर दिला. ट्रेलर ठोकळ्यांवरून हातभर पुढे सरकला आणि खंडूच्या माणसांनी ठोकळे उचलून घेतले. मग सबंध दोनशे चाळीस टन एकदम दांड्यावर आले.

केबिन मागून कुणी लाथ घातल्यासारखी हादरली. सारिकाचं कपाळ स्टिअरिंगवर आपटून फुटलं. मुकादमने तिघांना झटक्यात खालच्या गिअरला आणलं, पण इतक्या ओझ्याखाली गिअर उतरवताना लतीफच्या गिअरबॉक्समधलं तेल उकळलं आणि स्वतःला वाचवायला त्या गिअरबॉक्सने अंग काढून घेतलं. लतीफचा ट्रक न्यूट्रलला गेला. ट्रेलरचे ब्रेक आवळले गेले, चाकं थांबली, आणि थांबलेली चाकं वळणावरच्या बारीक खडीवरून तशीच मागे घसरू लागली.

पुशरचं तोंड आधी चेपलं. काच फुटल्याचा आवाज वरपर्यंत आला. ट्रेलरने पुशरला मागे रेटत कपारीला नेऊन टेकवलं आणि स्टिअरिंग रणजितच्या मांड्यांवर बसलं. त्याने मारलेली किंकाळी वॉकीटॉकीवर सगळ्यांनी ऐकली.

मग तिन्ही केबिनमध्ये मुकादम बोलला. त्याला आवाज दिला होता बाईचा, बँकेत असतो तसा सौम्य.

"ओझं घसरत आहे. पुशर जागेवर रोखला आहे. आघाडीचे दोन्ही ट्रक सोडत आहोत. हरकत असल्यास आघाडीच्या चालकाने लाल बटण दाबावे. पाच."

सारिकाला कळायला वेळ लागला नाही. मुकादमचं गणित उघड होतं. तिचा एकटीचा ट्रक हे ओझं फार वेळ धरू शकत नाही. नाही धरता आलं तर ओझं वळणावर आडवं होऊन ती, लतीफ, ट्रान्सफॉर्मर, सगळेच दरीत. पण पुढचे ट्रक आत्ताच सोडले तर ओझं मागे जाऊन कपारीला टेकलेल्या पुशरवर बसेल आणि तिथेच थांबेल. बाकी सगळं वाचेल. मुकादमने स्वतःचा ठोकळा निवडला होता. त्या ठोकळ्यात तिचा नवरा बसला होता.

जिथे माणूस मरू शकतो तिथे मशीनने माणसाला विचारलं पाहिजे, असा सरकारी नियम होता. विचारायचं म्हणजे नकाराची वाट बघायची. नकार आला नाही तर होकार धरायचा. तिने काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

"चार."

तिला पहिल्यांदा आठवलं ते मनगट नव्हतं. गरोदर असताना त्याने तिला जिन्यावरून ढकललं होतं आणि दवाखान्यात डॉक्टरला सांगितलं होतं की पाय घसरला. डॉक्टरने तिच्याकडे बघितलं होतं. तिनेही तेच सांगितलं होतं. ते मूल राहिलं नाही, आणि नंतर कधी राहिलंच नाही.

"तीन."

कुणी बोट दाखवणार नव्हतं. मशीनने केलं असतं. पेपरात तसंच आलं असतं, सासूने ऊर बडवून मशीनलाच शिव्या घातल्या असत्या, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच घरात पाठ भिंतीला न लावता झोपता आलं असतं. तिला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं.

लतीफ ओरडत होता की पोरी, काय ते लवकर कर, मी पाय ब्रेकवर दाबून बसलोय. तो दार उघडून उडी मारू शकत होता, तरी बसला होता. पुशरमधून मात्र आता आवाज नव्हता. किंकाळी नाही, शिवी नाही. पण मोजणी तिन्ही केबिनमध्ये ऐकू येत होती, आणि हे तिला माहीत होतं.

"दोन."

तिने आरशात बघितलं. ट्रेलरच्या अंगाआडून पुशरचं छप्पर दिसत होतं, पत्र्याच्या डब्यावर पाय पडावा तसं दुमडलेलं.

"एक."

सारिकाने लाल बटणावर मूठ आपटली.

मुकादम लगेच तिच्या ट्रकवरून उतरला, म्हणजे ताबा तिच्याकडे आला. अडीअडचणीसाठी ठेवलेला पहिल्या गिअरचा दांडा सीटच्या डाव्या अंगाला होता, वर्षानुवर्षं न हललेला. तो उजव्या हाताला पोचत नव्हता. तिने डाव्या हाताने तो धरला आणि ओढला. मनगटातलं आधीच चिरलेलं हाड तुटल्याचं तिला ऐकू आलं. दांडा मात्र बसला. तिने ॲक्सिलरेटर तळाला दाबला.

इंजिन गुरासारखं ओरडायला लागलं. चाकं जागची हलेनात. सगळा जोर तेलात जात होता. तेलाच्या उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात शिरला आणि पट्टा ओलांडून गेला. पण घसरण मंदावली. मंदावली म्हणताना ओझं अजून येतच होतं, पुशरचा पत्रा करकरत होता, तरी आता त्याच्याबरोबर माणसाला धावता येत होतं.

खंडूने ते ओळखलं. तो आणि त्याची माणसं सरकत्या चाकांमागे ठोकळे कोंबायला लागली. पहिला ठोकळा चाकाखालून चिंचोक्यासारखा उडाला आणि खंडूच्या खांद्यावर बसला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. खंडू पडला आणि पडल्या पडल्या पायाने पुढचा ठोकळा आत ढकलला. दुसरा ठोकळा फुटून त्याच्या चिरफळ्या झाल्या. तिसरा बसला. मग दुसऱ्या बाजूचा एक बसला. ओझं कण्हत थांबलं.

त्याच वेळी सारिकाच्या पायाखाली तो तेलाचा डबा फुटला. उकळतं तेल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं आणि केबिनच्या तळातून ज्वाळा वर आल्या. ती दार उघडून खाली पडली, उठली आणि उताराने धावत सुटली. लतीफ तिला हाका मारत होता. ती थांबली नाही.

पुशरच्या फुटलेल्या काचेतून रणजितचा चेहरा दिसला. कमरेपासून खाली काही ओळखण्यासारखं नव्हतं. पत्रा कापणारी यंत्रं वर यायला दुपार झाली. तोवर सारिका काचेबाहेर उभी राहून त्याला पाणी पाजत होती. तो पाणी प्यायला.

दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्यावरून कापला. खंडूचा खांदा जुळला, हात वर जाईना. सारिकाच्या मनगटात पट्टी आणि खिळे बसले.

पुढे निमकर साहेब तळावर आले. माणूस सरळ होता. ठोकळ्यांमुळे मुकादम फसला, हे त्यांनी सांगितलं, आणि ठोकळा लागला आहे हे त्याला ओळखता येत नव्हतं हा आपला दोष, हेही सांगितलं. मग ते म्हणाले की आता मुकादमने चालकाला विचारायचा तो प्रश्नच काढून टाकायचा विचार आहे, नियम बदलून मिळेल. चालकावर असा भार टाकणं क्रूरपणाचं आहे. आणि खरं बघितलं तर मुकादमचं गणित बरोबर होतं, त्या दिवशी पाच-सहा जीव थोडक्यात वाचले. ते नशीब होतं, हिशोब नव्हता.

सारिकाने ते सगळं कबूल केलं. लतीफचाचाचा जीव आपण न विचारता पणाला लावला, हेही ती बोलली. मग म्हणाली, "तरी प्रश्न काढू नका साहेब."

त्यांनी कारण विचारलं.

"विचारलं नसतं तर मी आज विधवा असते. आणि जन्मभर म्हटलं असतं, मशीननं केलं."

निमकर वर कळवतो म्हणाले आणि गाडीत बसले. पुढे काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही.

ती रोज दवाखान्यात जात होती. डबा न्यायची, चादर बदलायची, ड्रेसिंगच्या वेळी खोलीबाहेर उभी राहायची. सासू म्हणायची, बघ, कशीही वागवली तरी बायको ती बायको, जीव वाचवला. येणारेजाणारे मान डोलवायचे. रणजित छताकडे बघत पडून असायचा. तो कुणाशी धड बोलत नव्हता, आणि सारिकाशी तर त्या दिवसापासून एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणायचे धक्का बसलाय, वेळ द्या.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सासू खाली औषधं आणायला गेली. खोलीत दोघंच होती. सारिका त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती. तेव्हा तो बोलला. आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"एकपर्यंत का थांबलीस?"

तिने हातातला शर्ट पिशवीत ठेवला. विचार करून सांगायचं असं काही उरलंच नव्हतं. खोटं बोलायची सवय तिला होती, पाय घसरला म्हणायची, कपाट लागलं म्हणायची. ती सवय त्या घाटात कुठेतरी पडून राहिली होती.

"ठरवत हुते," ती म्हणाली.

त्याचा पलंगाच्या कडेवरचा हात जरा हलला. तो हात तिला चांगला माहीत होता. ती मागे सरली नाही. तिने पिशवीची चेन ओढली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"पुढच्या खेपंला एवढा येळ लागायचा न्हाई."

कुठल्या बाजूने, हे त्याने विचारलं नाही.